कुस्तीच्या तालमी पेठोपेठी, नाटकाच्या तालमीला जागा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे कुस्ती मैदान १९१२ साली बांधून घेतले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह उभे केले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळाले तेव्हा अख्खे कोल्हापूर हळहळले. त्याच्या पुनर्बांधणीकडे शहराचे डोळे लागले हे योग्यच झाले. पण खासबागेचे मैदान नावाजले ते मागे गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीसारख्या तालमी होत्या म्हणून. तालीम हा शब्द कुस्तीचाही आणि नाटकाचाही. कुस्तीची तालीम पेठोपेठी आहे. नाटकाची शाळेच्या वर्गात, कुणाच्या गच्चीवर किंवा लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी मंगल कार्यालयात चालते.

याचा परिणाम थेट प्रयोगावर होतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बसवलेल्या हालचाली तीस फुटी रंगमंचावर विरतात. खोलीत पुरणारा आवाज आठव्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. प्रकाशयोजना तर प्रयोगाच्या दिवशीच पहिल्यांदा दिसते, कारण मोठ्या नाट्यगृहाचे भाडे तालमीसाठी भरणे हौशी संघाला परवडत नाही. म्हणून आमची मागणी मोठ्या नाट्यगृहाखेरीज दीडशे खुर्च्यांच्या एका छोट्या काळ्या नाट्यगृहाची (‘ब्लॅक बॉक्स’, म्हणजे आतून काळा, खुर्च्यांची मांडणी बदलता येणारा साधा हॉल) आहे. त्यासाठी नवी इमारत बांधू नये. महापालिकेच्या मालकीचा, वापरात नसलेला किंवा अर्धवट वापरातला एखादा शाळेचा हॉल पुरेसा आहे.

हॉल साधारण ६० फूट लांब, ३३ फूट रुंद आणि मध्ये खांब नसलेला असावा. उंची १६ फुटांपेक्षा कमी नको. लांबीचा हिशोब असा: २२ फूट रंगमंच, ४ फूट मोकळी पट्टी, ३० फुटांत दहा रांगा आणि मागे ४ फूट ये-जा. दोन्ही बाजूंना चार-चार फुटांची वाट सोडली की एका रांगेत पंधरा खुर्च्या बसतात. उंची कमी असलेला हॉल ‘बाकी सगळे चांगले आहे’ म्हणून पत्करू नये. दिवे नटाच्या डोक्यावर चार फुटांवर आले की चेहऱ्यावर नाकाची सावली हनुवटीपर्यंत पडते आणि ती कोणत्याही महागड्या दिव्याने जात नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या इमारती पहिल्याच फेरीत बाद कराव्यात. लाकडी जमीन आणि विजेची पॅनेल एकदा पाण्यात गेली की सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

सर्वांत दुर्लक्षित काम आवाजाचे आहे, आणि सभागृहे बहुतेक तिथेच फसतात. सिमेंट प्लास्टरच्या भिंती आणि शहाबादी फरशी असलेल्या एवढ्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज चार-पाच सेकंद घुमत राहतो. नाटकाच्या संवादांना पाऊण सेकंद पुरे. त्यापुढे एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर चढते आणि प्रेक्षक ‘माइक लावा’ म्हणू लागतात. माइक लावल्याने घुमणे कमी होत नाही, उलट वाढते. साधा हिशोब मांडला तर या आकारमानाला साधारण २,००० चौरस फूट शोषण लागते, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके. दीडशे प्रेक्षक त्यातले सातशेच्या आसपास देतात. मागचा काळा पडदा आणि विंगा जाड सुती कापडाच्या, भरपूर चुण्या घालून शिवलेल्या असतील तर आणखी साडेचारशे मिळतात. उरलेल्यासाठी ८ बाय ४ फुटांच्या तीसेक लाकडी चौकटी भिंतींवर लावाव्यात. चौकटीत ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरावे, वर काळे सुती कापड ताणावे आणि चौकट भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी. ती दोन इंचांची पोकळी महत्त्वाची आहे. तिच्यामुळे पुरुषी आवाजाचा खर्जही शोषला जातो. काम जवळपास सुतारकीचे आहे, परदेशी सामान काहीच लागत नाही. पण तीच चौकट सुती कापडाऐवजी रेक्झिनने मढवली की आवाज आत शिरतच नाही. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हावी. ते आवाज जवळजवळ शोषत नाहीत आणि पेट मात्र झटकन घेतात. भिंतीवर नुसता गालिचा ठोकला तर फक्त वरच्या पट्टीचे स्वर मरतात, बोलणे बोदे ऐकू येते.

छत पत्र्याचे असेल तर कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर प्रयोग होणेच कठीण. पत्र्यावरच्या सरीपुढे नटाचा आवाज टिकत नाही. वर डांबरी शीट टाकून भागत नाही. पत्र्याखाली हवेची पोकळी, त्याखाली ५० मिलिमीटर ग्लासवूल आणि मग साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे. आधी गळती काढावी, वर्षभर थांबून एक पावसाळा बघावा आणि मगच बोर्ड लावावा. उलट क्रमाने केले की ओल बोर्डात मुरते, ग्लासवूल भिजून खाली बसते आणि दोन वर्षांत छत काळे पडते.

रंगमंचाला उंच चौथरा नको, ही गोष्ट ठेकेदाराच्या गळी उतरवणे अवघड जाते. एवढ्या छोट्या हॉलमध्ये तीन फुटी चौथरा केला की पहिल्या दोन रांगांना नटांचे पाय आणि हनुवट्याच दिसतात. रंगमंच जमिनीलगत ठेवावा आणि प्रेक्षक वर चढवावेत. पहिल्या दोन रांगा जमिनीवर, पुढे प्रत्येक रांग सहा इंच वर, म्हणजे शेवटची रांग चार फुटांवर येते. या पायऱ्या विटांच्या बांधू नयेत. ४० बाय ४० मिलिमीटर लोखंडी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर १८ मिलिमीटर प्लाय, अशा ८ बाय ३ फुटांच्या लेव्हल (सुटे चौथरे) कराव्यात, नटबोल्टने जोडलेल्या आणि पायांना रबर लावलेल्या. त्या हलवता आल्या की एका महिन्यात प्रेक्षक समोर, दुसऱ्या महिन्यात तिन्ही बाजूंना बसवता येतात. सर्वांत वरच्या लेव्हलच्या पाठीमागे आणि बाजूंना साडेतीन फुटी कठडा हवाच.

रंगमंचाच्या जमिनीवर चकचकीत टाइल्स हा आपल्याकडचा जुना रोग आहे. टाइल्सवर नेपथ्याचा स्क्रू बसत नाही, दिवे उलटे छताकडे परावर्तित होतात आणि कथक किंवा भरतनाट्यम करणाऱ्या मुलींच्या नडग्या व गुडघे कायमचे दुखावतात, कारण फरशी धक्का अजिबात शोषत नाही. फरशीवर रबराचे तुकडे, त्यावर सोळा-सोळा इंचांवर लाकडी पट्ट्या, त्यावर १८ मिलिमीटर प्लायचे दोन आडवे-उभे थर आणि वर काळा मॅट रंग. भिंतीपाशी अर्धा इंच फट सोडावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि फट नसेल तर जमीन मधोमध उचलते.

दिव्यांसाठी डोक्यावर चौदा फुटांवर पाइपांची जाळी लागेल. दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, पाच-पाच फुटांवर. दीड इंचीच का, तर त्याचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर भरतो आणि दिव्यांचे हुक क्लॅम्प त्यावर घट्ट बसतात. पाइप, दिवे, केबल, पडदे मिळून वजन सहा-सातशे किलोंवर जाते. हे ओझे छताच्या जुन्या कैच्यांना टांगू नये, त्या कौलांसाठी केलेल्या आहेत. जाळीला जमिनीवरून स्वतंत्र लोखंडी खांब द्यावेत आणि आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन असलीच पाहिजे.

सुरुवातीला चोवीस दिवे पुरतात. एलईडी घेतले तर सगळे मिळून पाच किलोवॅटच्या आत काम होते. मात्र स्वस्त एलईडी दिवा पूर्ण मंद करताना पायऱ्या-पायऱ्यांनी विझतो आणि त्याचा पंखा शांत प्रसंगात घरघरतो. म्हणून निविदेआधी नमुना मागवून, अंधाऱ्या खोलीत शून्यापासून हळूहळू चढवून आणि कान देऊन बघावा. दिव्यांच्या संख्येपेक्षा हे महत्त्वाचे. संघ भाड्याने हॅलोजन दिवेही आणतील, त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि पंचवीस ते तीस किलोवॅटचा मंजूर भार असावा. इथे नेहमी होणारी चूक न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची आहे. डिमर (दिवे मंद-प्रखर करणारे यंत्र) चालू असताना तिन्ही फेजची गडबड न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाही, साठत जाते. त्यामुळे निम्म्या जाडीची न्यूट्रल तार तापते आणि कुठेतरी सांध्यापाशी वितळते. ती फेजच्या तारेएवढीच किंवा अधिक जाड हवी. ध्वनीची सॉकेट डिमरपासून वेगळ्या फेजवर घ्यावीत, नाहीतर दिवे मंद केले की स्पीकरमधून गुणगुण सुरू होते.

आगीबद्दल २०२४ नंतर वेगळे सांगायला नको, तरी बारकावे नोंदवतो. विरुद्ध दिशांना दोन दारे, दोन्ही बाहेर उघडणारी, आतून ढकलताच उघडणारी, आणि प्रयोग चालू असताना कुलूप न लावलेली. पडदे सुती असतील तर दहा लिटर पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात भिजवावेत व सावलीत वाळवावेत. हा थर धुतल्यावर निघून जातो, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा. काठाची एक चिंधी कापून बाहेर नेऊन दहा-बारा सेकंद ज्योतीवर धरावी. ज्योत काढताच ती विझली पाहिजे. पॉलिस्टरच्या पडद्यावर हा उपाय चालत नाही, तो वितळून जळते थेंब टाकतो, त्यामुळे पॉलिस्टर घेऊच नये. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. त्याची प्रत तिकीटबारीशेजारी लावावी, म्हणजे प्रेक्षकालाही ती वाचता येईल.

वातानुकूलन पहिल्याच वर्षी नको. एप्रिल-मे सोडले तर आपल्याकडे संध्याकाळ सुसह्य असते. मोठ्या व्यासाचे, हळू फिरणारे दोन एक्झॉस्ट पंखे ग्लासवूलने मढवलेल्या लाकडी खोक्यातून बसवावेत आणि डक्टची जागा राखून ठेवावी. भिंतीवरचे स्प्लिट एसी नाटक चालू असताना बंद करावे लागतात, मग त्यांचा उपयोग काय?

आता सर्वांत कठीण भाग, वापराचा. छोटे सभागृह तयार झाले की पहिल्या वर्षातच सत्कार, वाढदिवस, कंपन्यांच्या बैठका आणि हळदी-कुंकू त्याचा ताबा घेतात, कारण ते पूर्ण भाडे देतात आणि तालीम करणारे देऊ शकत नाहीत. म्हणून महापालिकेच्या ठरावातच लिहावे की ही जागा नाटक, नृत्य, संगीत, लोककला आणि चित्रपट-आस्वाद यांच्यापलीकडे दिली जाणार नाही. दिवसाचे चार-चार तासांचे तीन भाग करावेत. सायंकाळी ६ ते १० हा भाग सोमवार ते गुरुवार फक्त तालमींसाठी, नाममात्र भाड्यात. शुक्रवार ते रविवार प्रयोग. प्रयोगाच्या आदल्या दिवसाची एक पाळी प्रकाश-ध्वनी जुळवणीसाठी त्याच भाड्यात मिळावी. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात एका संघाला आठवड्यात दोनच पाळ्या, म्हणजे ओळखीवर कॅलेंडर भरणार नाही. ते कॅलेंडर दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिलेले असावे. आणि एक पगारी तंत्रज्ञ हवा, शिडी चढणारा, डिमर जाणणारा. शिपायाकडे किल्ली आणि तंत्रज्ञ ‘गरजेनुसार’ ही व्यवस्था असेल तर सहा महिन्यांत निम्मे दिवे बंद पडतात. दिवा जळाला म्हणून नव्हे, पिन सैल झाली, ती कुणी आवळली नाही म्हणून.

हॉलमागे वीस बाय वीस फुटांचे छप्पर मिळाले तर नेपथ्य तिथेच बांधता येईल. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. त्या शहरात आज पडदा जमिनीवर पसरून रंगवायला सपाट जागा शोधावी लागते. या छपराचे दार आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच असावे, टेम्पो थेट लागेल असे. तीन फुटी दारातून सेट नेताना प्रत्येक फ्लॅट (नेपथ्याची कापड किंवा प्लाय लावलेली चौकट) मधोमध कापावा लागतो, आणि कापलेला फ्लॅट पुन्हा सरळ उभा राहत नाही.

जागेची निवड मात्र कागदावर होऊ नये, आणि उन्हाळ्यात तर नकोच. जुलैमध्ये, पाऊस लागून राहिलेला असताना, महापालिकेचे अभियंते, एक ध्वनितज्ज्ञ आणि दोन-तीन रंगकर्मी यांनी संध्याकाळी सात वाजता प्रत्येक हॉलमध्ये जावे. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी, किती घुमते ते मोजावे. एकाने रंगमंचाच्या जागी उभे राहून साध्या आवाजात संवाद म्हणावा, दुसऱ्याने पन्नास फुटांवरून तो लिहून घ्यावा. छताला कुठे ओल आहे ते खडूने नोंदवावे. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न दार बंद केल्यावर किती आत येतात ते ऐकावे, आणि शौचालयात पाणी आहे का तेही त्याच फेरीत पाहावे.

आपले,
रंगमंच-तंत्राचे काम करणारे काही जण,
मंगळवार पेठ, कोल्हापूर