जुन्या टूरिंग मोटारसायकलींच्या व्यवहारात किलोमीटरची अधिकृत नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर तो थेट 40 टक्के झाला. पूर्वी या मोठ्या दुचाकींवर 28 टक्के कर आणि 3 टक्के उपकर होता. स्वस्त झालेल्या दुचाकींच्या बातम्या सणासुदीच्या तोंडावर भरपूर आल्या आणि ते स्वाभाविकच होते. परंतु लांबच्या प्रवासासाठी मोठी मोटारसायकल घेऊ पाहणारा, बेताच्या पगाराचा तरुण या बदलामुळे नव्या गाडीच्या दालनातून उठून जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला, याची दखल फारशी घेतली गेली नाही. त्या बाजारातील एका जुन्या दुखण्याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे परिवहन विभागाचे लक्ष वेधावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

ज्या गाड्यांबद्दल मी लिहीत आहे त्यांना स्पोर्ट टूरिंग म्हणतात. समोर वारा अडवणारे फेअरिंग, किंचित पुढे झुकलेली पण दिवसभर चालवूनही कंबर न धरणारी बैठक, महामार्गावर दम न लागणारे इंजिन आणि मागे सामानाच्या पेट्या अडकवण्याची सोय, असा हा प्रकार. कावासाकीची निन्जा 650 आणि निन्जा 1000 ही त्यातली सर्वांच्या ओळखीची नावे. खिसा लहान असेल तर 2011 साली आलेली होंडाची सीबीआर 250 आर किंवा त्याही आधीची, 2003 ची हिरो होंडा करिझ्मा आजही शोधली जाते. या गाड्या सहसा हौसेने घेतल्या जातात आणि लग्न, बदली, कर्जाचा हप्ता किंवा घरच्यांचा धसका यांपैकी एखाद्या कारणाने विकल्या जातात. त्यामुळे बाजारात चांगल्या गाड्या येतात, यात शंका नाही.

अडचण अशी, की या गाड्यांची किंमत जवळजवळ एकाच आकड्यावर ठरते आणि तो आकडा मीटरवरचा असतो. 'फक्त सात हजार चाललेली' हे शब्द जाहिरातीत आले की त्याच साच्यातली, त्याच वर्षाची, तीस हजार चाललेली गाडी कुणी बघायलाही जात नाही. खरे तर लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या यंत्राला तीस हजार किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. वेळेवर तेलपाणी झालेली, पुणे ते गोवा किंवा कोल्हापूर ते बेंगळुरू अशी सलग पल्ल्याने धावलेली गाडी ही सोसायटीच्या तळघरात ताडपत्रीखाली उभी राहिलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा अधिक निरोगी असते. उभ्या गाडीची बॅटरी बसते, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील सुकतात, टायर न झिजताच कडक होतात. आता सर्वत्र 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते; एप्रिल 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नव्हते. अशी गाडी टाकीत जुने पेट्रोल ठेवून वर्षभर उभी राहिली असेल, तर तिचा कमी आकडा कौतुकाचा न मानता तपासणीचे कारण मानला पाहिजे. पण गिऱ्हाईक आकड्यालाच पैसे देते आणि म्हणून आकडाच हलवला जातो.

हे कसे कळते, हे एका उदाहरणाने सांगतो. एका परिचितासाठी मी पुण्यात एक निन्जा 650 बघायला गेलो होतो. मीटर नऊ हजारांच्या घरात, रंग झगझगीत, धुऊन पॉलिश केलेली गाडी. मात्र मागच्या ब्रेकच्या पेडलवरील खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, डाव्या मुठीचे रबर तळव्याच्या जागी चकाकत होते आणि मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले होते. चेन स्प्रॉकेटवरून बोटाने मागे ओढली तर दातांच्या मधली फट सहज दिसत होती. नऊ हजारांत चेन-स्प्रॉकेटची ही दशा होते ती चेनला कधी वंगणच न मिळाल्यास. टायरच्या कडेला आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. त्यावरून टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण असल्याचे कळले. केवळ तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण वयोमानामुळेही टायर बदलावे लागतात. पण सगळी चिन्हे एकाच दिशेला बोट दाखवत होती. अखेर मालकाच्याच संमतीने अधिकृत सेवा केंद्रातून चासी क्रमांकावर जुनी जॉबकार्डे, म्हणजे सर्व्हिसिंगच्या नोंदी, काढली, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या कार्डावर एकवीस हजारांचा आकडा निघाला.

विक्रेत्याने खुलासा केला की मधल्या काळात मीटरचा संपूर्ण संच बिघडला म्हणून बाहेर बदलून घेतला. हे खरे असू शकते. आजकाल मीटर हा एक सीलबंद इलेक्ट्रॉनिक भाग असतो, पावसाचे पाणी शिरून तो बंद पडतो आणि दुसऱ्या गाडीचा काढून बसवला जातो. बसवताना तो स्वतःचा आकडा घेऊनच येतो. गृहस्थ प्रामाणिक होते असे मानले, तरी ते सिद्ध करायला त्यांच्यापाशी एकही सरकारी कागद नव्हता आणि ते खोटे बोलत होते असे मानले, तरी ते पकडायला माझ्यापाशीही नव्हता. व्यवहार अर्थातच झाला नाही. एका नोंदीच्या अभावी दोन्ही बाजू अडकतात, ते असे. गाडीची देखभाल अधिकृत केंद्राऐवजी गल्लीतल्या गॅरेजमध्ये झाली असती तर ते जॉबकार्डही मिळाले नसते. आणि वॉरंटी संपलेल्या बहुसंख्य गाड्या गल्लीतच जातात.

आपल्याकडे या गाड्यांचे किलोमीटर एका जातीचे नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, समृद्धी महामार्गावर नाही, अटल सेतूवरही नाही. म्हणजे ज्या रस्त्यांसाठी ही यंत्रे जन्माला आली तेच रस्ते महाराष्ट्रात त्यांना बंद आहेत. (याविषयी वेगळे पत्र लिहिता येईल, येथे तो विषय नाही.) त्यामुळे त्या खंडाळ्याच्या जुन्या घाटातून, ताम्हिणीतून, आंबोलीतून आणि वर्षानुवर्षे काम सुरू असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून धावतात. घाटातले दहा हजार आणि सपाटीवरचे दहा हजार यांत ब्रेक, क्लच आणि हँडलच्या बेअरिंगच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. म्हणूनच पुढचे चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघावे. मधोमध ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर बेअरिंग खड्ड्यांनी खाल्लेले आहे असे खुशाल समजावे. हँडल पूर्ण वळल्यावर ज्या लोखंडी ठोकळ्याला टेकते तो चेपलेला किंवा रंग उडालेला असेल तर गाडी जोरात आपटलेली असण्याचा संभव असतो, मग फेअरिंग कितीही नवे दिसो. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी प्रत्यक्ष जाडी ताडून पाहावी. आणि बघायला जाल तेव्हा विक्रेत्याने 'आधीच गरम करून ठेवलेल्या' इंजिनावर विश्वास ठेवू नये. हात लावून इंजिन गार असल्याची खात्री करावी आणि आपल्यासमोरच सुरू करायला सांगावे, कारण गार असताना कुरकुरणारे इंजिन गरम झाल्यावर गोड बोलू लागते.

कागदपत्रांचे म्हणाल, तर कायदा स्पष्ट आहे, आचरण मात्र ढिले आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. प्रत्यक्षात मालकी हस्तांतराच्या नमुना 29 आणि 30 या अर्जांवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरते, तीनतीन मालक होतात आणि आरसीवर पहिल्याचेच नाव राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असा निर्वाळा दिला आहे. दोनशे किलोच्या आसपास वजनाच्या, वेगवान गाडीबाबत हा धोका विकणाऱ्याने तरी ओळखायला हवा. घेणाऱ्यालाही विम्यात एक फसगत असते. 1 सप्टेंबर 2018 नंतरच्या नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असल्याने 'विमा चालू आहे' हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा केव्हाच संपलेला असतो. तो चालू असला तरी विमा कंपनीकडे नाव बदलून घेतल्याशिवाय नव्या मालकाला त्याचा उपयोग नाही आणि जुन्या मालकाची नो क्लेम सवलत तर त्याच्याबरोबरच जाते. परराज्यातून स्वस्तात आलेल्या गाडीबाबत ना हरकत प्रमाणपत्र, आरसीवरून उतरवलेला कर्जाचा बोजा आणि इथे भरावा लागणारा कर यांचा हिशेब केल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द वापरू नये.

आता मूळ मागणीकडे येतो. मालकी हस्तांतराच्या नमुना 29 आणि 30 मध्ये वाहन क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, दोन्ही पक्षांची नावे-पत्ते असे सगळे असते. गाडी किती चालली हे मात्र नसते. खाजगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षे प्रदूषणाची चाचणी सोडल्यास कोणत्याही सरकारी तपासणीला सामोरे जावे लागत नाही, म्हणजे तिच्या उमेदीच्या सगळ्या काळाची अधिकृत नोंदच नाही. केंद्राने एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकृततेचे नियम लागू केले आणि त्यांच्या ताब्यातील वाहनांच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले, हे चांगलेच झाले. पण ते बंधन गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असतानाचे. व्यक्तीकडून व्यक्तीकडे होणाऱ्या व्यवहाराला त्याचा स्पर्श होत नाही आणि हौशी गाड्या बऱ्याचदा अशाच विकल्या जातात.

उपाय खर्चिक नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी (पीयूसी) पहिल्या वर्षानंतर प्रत्येक पेट्रोल दुचाकी पीयूसी केंद्रावर न्यावीच लागते. बीएस 4 या उत्सर्जन मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्या वर्षातून एकदा, त्याआधीच्या सहा महिन्यांनी. तेथे नंबरप्लेटचे छायाचित्र काढून ते प्रणालीत चढवले जाते. त्याच वेळी मीटरचेही एक छायाचित्र काढावे आणि आकडा वाहन नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर नोंदवावा. मालकी बदलताना व विम्याचे नूतनीकरण करतानाही तो नोंदवावा आणि गाडी घेऊ इच्छिणाऱ्याला, मालकाचे नाव-पत्ता उघड न करता, ही आकड्यांची मालिका पाहता यावी. मीटर बदलावे लागले तर मालकाने जुना व नवा आकडा स्वतः जाहीर करण्याची सोय त्याच पोर्टलवर द्यावी, म्हणजे प्रामाणिक माणसाची कुचंबणा होणार नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील मोटारसायकलींची दरवर्षी एमओटी नावाची रस्त्यायोग्यतेची तपासणी होते आणि प्रत्येक तपासणीच्या वेळचा मीटरचा आकडा नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही विनामूल्य बघता येतो. एका वर्षी चाळीस हजार आणि पुढच्या वर्षी बारा हजार असे तेथे लपून राहत नाही. आपल्याकडे तपासणीची तेवढी मोठी यंत्रणा नाही, हे मान्य. पण पीयूसीची आहे. तिच्या कामाबद्दल आक्षेप अनेक आहेत आणि गाडी न आणताच प्रमाणपत्र देणारी केंद्रेही असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मीटरच्या छायाचित्राची अट घातली तर निदान गाडी समोर आणावी तरी लागेल.

राज्याच्या परिवहन आयुक्तांनी याबाबत केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा आणि तोपर्यंत विक्रीच्या करारनाम्यात मीटरचा आकडा व मीटर बदलला आहे की नाही, हे दोन मुद्दे लिहून घेण्याचे आवाहन परिवहन कार्यालयांनी आपल्या फलकांवर करावे, ही विनंती. तसा उल्लेख असेल तर फसवणूक झालेल्या ग्राहकाला निदान दाद मागताना दाखवायला लेखी पुरावा तरी राहील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर