मंत्रिमहोदय, ११७ नंबरचा मासा कुठला?

माननीय मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संग्रहालयात शाल-श्रीफळ स्वीकारताना आपण म्हणालात, "मुळा-मुठेच्या माशांची सगळी नोंद सहा महिन्यांत संगणकावर येईल." टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मूर्ख.

गेल्या मंगळवारी तिथे गेलो. बरण्या कोरड्या ठाक, मासे तळाला सुक्या बोंबलासारखे चिकटलेले. मध्ये कुणीतरी चिठ्ठ्या बॉलपेनने नव्याने लिहिल्या, त्या पुसट होऊन गेल्या. माझी शिसपेन्सिलीची एक तेवढी शाबूत होती: 'संगमाजवळ, मार्च १९८४, पाणी गुडघाभर, पागाने धरला.' (पाग म्हणजे फेकून टाकायचं जाळं.) बाकी बरण्यांवर नुसते आकडे. ११७ म्हणजे कुठला मासा, कुणी, कधी, कुठे धरला, हे नोंदवहीत होतं. वही कुठे विचारलं, तर "वाळवी लागली होती सर, रद्दीत गेली असेल." सांगणारा पोरगा कंत्राटी, त्याला काय बोलणार?

त्या वहीसाठी मी वीस वर्षं फॉर्मॅलिनने डोळे जाळून घेतले. आमची ही मला दोनदा हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे. नदीत शिरून गुडघे गेले ते वेगळंच. पेन्शनीत याचा एक पैसा नाही, असो.

कर्नल साइक्सने १८३९ मध्ये आमच्या मुळा-मुठेतला मासा 'खुद्री' म्हणून जगाला सांगितला. त्याने वर्णन केलेला मूळ नमुना आज कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. तो गोरा होता, निघून गेला. आपलं काय? १९४२ मध्ये फ्रेझरने पुण्याच्या माशांची यादी छापली, म्हणून तेव्हा काय होतं ते कळतं. आज पाग टाकला की परदेशातून आलेला चिलापी, पुन्हा चिलापी. उद्या कुणी म्हणालं की या नदीत दुसरं काही नव्हतंच, तर मी काय दाखवू? एका सुनावणीत साहेबांनी मला तेच विचारलं, "पुरावा?"

पुरावा! लेकीच्या जातपडताळणीला आम्ही १९६७ पूर्वीचा कागद आणून दिला, तालुक्याला सात-आठ हेलपाटे घालून. आमच्या पणजोबांचा कागद सरकारला हवा, सरकारच्या बरणीतल्या माशाचा नको. नदीकाठ सुशोभीकरणाला ४४ किलोमीटरसाठी ४,७२७ कोटी, म्हणजे किलोमीटरला शंभराच्या वर. माझ्या हिशेबाने दहा फूट काठाच्या पैशात बरण्या, अल्कोहोल आणि एक टंकलेखक आयुष्यभर पुरेल. हिशेब चुकला असेल तर आपल्या सचिवांनी दुरुस्त करावा, निदान पत्र वाचलं एवढं तरी कळेल.

मागणी एवढीच: उरलेल्या बरण्यांत या आठवड्यात अल्कोहोल ओतायला सांगा, आणि रद्दीवाल्याकडे माणूस पाठवा. मी चौकशी केली. त्याच्याकडचा माल दर शनिवारी उचलतात.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, पुणे