दळणातला ळ

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून लिहायला बसलो. शेजारच्या माईंच्या जात्यावरच्या ओव्या मी टाइप करतोय, हे तुला ठाऊक आहेच. माई लहानपणापासून ब्रेल वाचतात. त्यांच्याच ओव्या त्यांच्या बोटांखाली याव्यात, म्हणून फाईल ब्रेल छापणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी ब्रेल करून तपासायला परत धाडली, ती उघडली आणि पोटात गोळा आला. 'सांगली' हवं तिथे एस, मग 'पेक्षा मोठे'ची खूण, अर्धविराम, जी, एल आणि शेवटी नऊचा आकडा! जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की दिसायची ना, अगदी तशी. फाईल बिघडली असं समजून मी ती काढूनच टाकली. फार वाईट केलं, कारण ती अगदी बरोबर होती.

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके, म्हणजे कोरं घर धरून ६४ आकार. हे आकार कीबोर्डवरच्या ६४ खुणांवर बसवायची जुनी पद्धत आहे. 'ई'साठी घरातला तिसरा आणि पाचवा ठिपका. त्यांच्या वाट्याला नऊचा आकडा आलाय. छपाईच्या यंत्राला ते समजतं, आपल्याला नाही.

पुढे १९९९ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, ३.० आवृत्तीत ब्रेलला स्वतःची जागा मिळाली. आठ ठिपक्यांचं घर धरून २५६ आकार, क्रमांक १०२४० ते १०४९५. हे क्रमांक ज्यांनी लावले त्यांना मी मनापासून दाद देतो. घरात डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. तळाशी ७ आणि ८. त्यांची किंमत ओळीने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. उठलेल्या ठिपक्यांची बेरीज १०२४० मध्ये मिळवायची, झाला क्रमांक! 'क'चे ठिपके १ आणि ३, म्हणजे १ अधिक ४, क्रमांक १०२४५. मी पहिल्यांदा मांडला तो ळ. 'दळण'च ज्याच्यावाचून लिहिता येत नाही, त्याचे ठिपके ४, ५, ६, बेरीज ५६, क्रमांक १०२९६.

पण १०२९६ ला युनिकोड 'ळ' म्हणत नाही. त्याच्या लेखी तो नुसता 'ठिपके ४५६'. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, त्याचा ळ होतो. इंग्रजीत तोच आकार डब्ल्यूच्या आधी आला की दोन घरांत 'वर्ल्ड' हा अख्खा शब्द होतो. मला हेच योग्य वाटतं. आकार सगळ्यांचा, अर्थ ज्याच्या त्याच्या भाषेचा.

म्हणूनच देवनागरीतून ब्रेलमध्ये जाताना नुसतं अक्षरास अक्षर ठेवून भागत नाही. 'क्र' आपण साठवतो तो क, हलन्त, र असा. ब्रेलमध्ये हलन्त, म्हणजे एकटा ठिपका ४, क च्या आधी येतो. मात्रा नाहीत; 'की' म्हणजे क आणि ई. मग 'कई' कसं लिहायचं? मध्ये अ घालून. हे सगळे नियम लिबलुइस नावाच्या मोफत प्रणालीत भाषावार तक्त्यांत भरलेले आहेत, मराठीचाही तक्ता आहे.

तुझ्या साताऱ्याच्या वाचनालयाची पुस्तकं ब्रेलमध्ये करशील तेव्हा एवढं कर: मूळ देवनागरी फाईल काही झालं तरी जपून ठेव. ती असली की ब्रेल पुन्हा करता येतं. नुसत्या ठिपक्यांवरून ते मराठी आहे की इंग्रजी, हेही कॉम्प्युटरला कळत नाही.

फाईल पुन्हा मागवून छापून घेतली. काल माई वाचत होत्या. तिसऱ्या पानावर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथंच आलं. म्हणाल्या, "बाळा, इथं दलण झालंय." ल म्हणजे डावीकडची उभी रांग, ळ म्हणजे उजवीकडची. मी तीन वेळा मुद्रितं तपासली होती. ते पान आता पुन्हा छापायला दिलंय. पुढच्या रविवारी आलास तर माईंच्या तोंडूनच ऐक.

तुझाच,
सांगलीचा मित्र