जुन्या मँडोलिनला नवे पॉलिश नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वाद्यांच्या वाढत्या किमतींविषयी आलेला मजकूर वाचला. त्यात मँडोलिनचा उल्लेख एकाच ओळीत, तोही गुंतवणुकीला योग्य वस्तू म्हणून, केलेला आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा कपाटावर वडिलांच्या, काकांच्या काळातले मँडोलिन पडून आहे त्यांचा अशा ओळीने गैरसमज होऊ शकतो. काहींना आपल्याकडे लाखोंचा ऐवज आहे असे वाटेल, आणि काही जण विकण्याआधी ते चकचकीत करून घ्यायला धावतील. यांतली दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे थोरले काका गिरगावात राहत आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवत. त्यांचे वाद्य गोल पोटाचे, म्हणजे इटलीतल्या नेपल्स शहराच्या घाटाचे होते. लाकडाच्या अरुंद, पातळ पट्ट्या एकमेकींना जोडून कलिंगडाच्या फोडीसारखे पोट केलेले, त्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची तबली, म्हणजे वरचा पातळ फळा, आणि चार जोड्यांत आठ तारा, व्हायोलिनसारख्याच सा-प, सा-प अशा अंतराने लावलेल्या. काका ते सेकंडहँड घेऊन आले होते. ते गेल्यावर वाद्य माझ्याकडे आले. तबलीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा एक फिकट डाग होता. वाजवताना काका करंगळी टेकवत, ती नेमकी तिथे. पाचव्या आणि सातव्या पडद्यांच्या मधले लाकूड बोटांनी घासून किंचित खोलगट झाले होते. मी ते एका कारागिराकडे दुरुस्तीला दिले आणि "नव्यासारखे करून द्या" असे सांगितले. त्याने सांगितल्याप्रमाणेच केले. जुने पॉलिश पॉलिशपेपरने घासून काढले, वर जाड लॅकर मारले आणि तारा जरा दणकट असाव्यात म्हणून जाड तारा चढवल्या. डाग गेला. आवाजही गेला, सूर उमटे, पण मागे रेंगाळत नसे, ताटावर ओला फडका टाकून चमचा आपटावा तसा. पुढच्या पावसाळ्यात घोडीपाशी तबली बोटभर आत बसली.

दोष कारागिराचा म्हणावा तर माझाही तेवढाच आहे, कारण या वाद्याची अंगकाठी कशी असते हे मला माहीत नव्हते. गोल पोटाच्या मँडोलिनची तबली अतिशय पातळ असते आणि घोडीच्या जरा मागे ती मुद्दाम खाली वाकवलेली असते, म्हणजे तारांचा दाब त्या वाकणावर पेलला जातो. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी राहते. ही सगळी रचना हलक्या तारांच्या हिशेबाने केलेली. तिच्यावर जाड तारा ओढल्या की वाकणच दबते. जोड सरसाने केलेले असतात, आणि दमट हवेत सरस मऊ पडतो. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे मँडोलिन कोणत्या परिस्थितीत असते, हे त्यामुळे कुणालाही कळावे. पॉलिशचा थर जाड झाला की तबलीचे कंपन दबते, आणि घासण्यात तिची जाडी गेली तर ती परत आणता येत नाही.

आता किमतीविषयी. लाखाहून अधिक डॉलर ज्या मँडोलिनला मिळतात, ती बहुतेक करून अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी घडलेली गिब्सन कंपनीची एफ-5 होत, आणि त्यांतही 1922 ते 1924 या काळातली, ज्यांच्या आत कंपनीचे वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांच्या सहीची आणि तारखेची चिठ्ठी चिकटवलेली आहे. ज्यांच्या नावाने ही कंपनी निघाली त्या ऑरव्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी कोरून काढलेली, घुमटाकार तबली मँडोलिनला लावण्याची कल्पना 1898 मध्ये पेटंट करून घेतली होती. लोअर यांनी तिला व्हायोलिनसारखीच इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोके, तबलीखाली दोन लांब दांड्या आणि लांब मान दिली. मान आणि पोट यांचा जोड पूर्वी बाराव्या पडद्याशी येई, तो पंधराव्याशी आला. वाद्य नवे असताना ते अडीचशे डॉलरला मिळत असे आणि फारसे खपत नव्हते, कारण मँडोलिनची लाट ओसरून बँजोचे दिवस आले होते. 1924 अखेर लोअर कंपनीतून बाहेर पडले.

या वाद्याला आजची किंमत मिळवून दिली ती अमेरिकन मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या हाताने. 1940च्या दशकात फ्लोरिडातल्या मायामी शहरात एका न्हाव्याच्या दुकानात त्यांना जुलै 1923 ची तारीख असलेले एफ-5 दीडशे डॉलरला मिळाले, आणि ज्याला पुढे ब्लूग्रास म्हणू लागले ते अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाचे संगीत त्यांनी याच वाद्यावर घडवले. 1985 मध्ये कुणीतरी त्यांच्या घरात शिरून शेकोटीच्या सळईने त्याचा चुरा केला. गिब्सनच्या कारागिरांनी तुकडे न् तुकडे, अगदी कुसळाएवढ्या चिरफळ्या, गोळा करून ते पुन्हा उभे केले आणि मन्रो यांनी ते 1996 मध्ये निधन होईपर्यंत वाजवले. त्यावरचे पॉलिश तर केव्हाच खरवडून गेले होते. बाजाराच्या नियमाप्रमाणे अशा वाद्याची किंमत पडायला हवी. पण तेच वाद्य आज नॅशव्हिलच्या संग्रहालयात जपलेले आहे. पुरवणीतल्या मजकुरात जी गोष्ट निसटली ती हीच: वाद्य कोणी, किती आणि कसे वाजवले, याला नावाच्या चिठ्ठीइतकेच वजन असते.

नेपल्सच्या बाबतीत वाचकांनी आणखी सावध असावे. विनाच्चिया घराणे, राफाएले कालाचे, रोमचे लुइजी एम्बर्गर या कारागिरांची वाद्ये खरोखरच मोलाची आहेत. परंतु 1900 च्या आगेमागे नेपल्स आणि कतानिया इथून हजारोंच्या संख्येने स्वस्त मँडोलिन जगभर गेली. त्यांच्या आतही सुबक चिठ्ठ्या असतात. चिठ्ठीवर इटालियन अक्षरे आहेत, एवढ्यावरून वाद्य दुर्मीळ ठरत नाही. शिवाय पुष्कळ जुन्या मँडोलिनच्या तबलीवर नखीने ओरखडे पडू नयेत म्हणून कासवाच्या पाठीचा पातळ तुकडा जडवलेला असतो. त्या समुद्री कासवाला आपल्या वन्यजीव कायद्यात आणि आंतरराष्ट्रीय करारातही सर्वांत कडक संरक्षण आहे. असे वाद्य परदेशी ग्राहकाला परस्पर विकून पाठवणे हा गुन्हा ठरू शकतो, हे मजकुरात यायला हवे होते.

जुने लाकूड खरेच चांगले वाजते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वर्षानुवर्षे सुकलेले स्प्रूस हलके आणि ताठ होते हे खरे. पण जुने म्हणजे श्रेष्ठ असे समीकरण मांडता येत नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे एकवीस व्हायोलिनवादकांना अंधूक चष्मे लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली होती, तीन नवी आणि तीन जुन्या इटालियन उस्तादांची. सर्वांत अधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हॅरियसला. मँडोलिनवर असा प्रयोग केला तर काय निघेल याचा अंदाज बांधण्यात मला रस नाही. मला जुने वाद्य हवेसे वाटते ते वेगळ्या कारणाने. त्याचा प्रत्येक सूर कसा काढायचा हे आधीच्या हातांनी पडद्यांवर लिहून ठेवलेले असते, आणि आपली बोटे त्या खुणांवरून चालत जातात.

आपल्याकडच्या मँडोलिनला असा इतिहास थोडका नाही. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मुंबईत या वाद्यावर रागदारी वाजवून दाखवली. जोडतारांच्या, पडदे असलेल्या, आखूड मानेच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, काढणे किती अवघड आहे, हे ज्याने तार ओढून पाहिली आहे त्यालाच कळेल. लक्ष्मीकांत कुडाळकर यांची संगीतकार म्हणून प्यारेलाल यांच्याशी जोडी जमण्यापूर्वी ते स्टुडिओंत मँडोलिन वाजवत. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी जोडतारांच्या जागी पाच एकेरी तारा लावून विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवले आणि 1998 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी अनेक वाद्ये वर्षानुवर्षे हाताळली. या सगळ्यांच्या आणि त्यांच्या मागे बसणाऱ्या अनाम वादकांच्या वाद्यांचे पुढे काय झाले, याची नोंद आपण ठेवलेली नाही. ती वाद्ये आज कुणाच्या तरी घरी आहेत, आणि घरातल्यांना ती कुणी कोणत्या गाण्यात वाजवली हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे की, माळ्यावरून मँडोलिन खाली काढले तर आधी ते पॉलिशला देऊ नये. सगळ्या तारा हळूहळू सैल कराव्यात, कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, आतली चिठ्ठी आणि पाठीमागच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत. तुटलेली खुंटी, निखळलेली जडणाची चकती, मूळची पेटी, यांतले काहीही टाकून देऊ नये. दुरुस्तीला दिलेच, तर जोड पुन्हा सरसानेच करायला सांगावे आणि हलक्या तारांचाच आग्रह धरावा. वाजवणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याने ते कुठे वाजवले, हे एका कागदावर लिहून वाद्यासोबत ठेवावे.

शासनाकडे आणि संस्थांकडेही एक मागणी आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तबली किती पातळ ठेवावी आणि घोडीचा दाब कुठे पडतो, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे अशी कारागीर घराणी तिथे आहेत. त्यांच्यातल्या तरुणांना मँडोलिन, व्हायोलिन यांच्या दुरुस्तीचे शिक्षण आणि लागणारी हत्यारे मिळवून दिली, तर आज मुंबई-पुण्यात जे काम अंदाजाने चालते ते जाणत्या हातांत जाईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे मोठे दालन आहे. चित्रपटसंगीतात वाजलेली वाद्ये, वादकाच्या नावासह आणि वाजत्या अवस्थेत, अशा ठिकाणी यावीत यासाठी कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा. आपल्या दैनिकाने वाचकांकडून अशा वाद्यांची माहिती मागवली, तर पहिले पत्र माझे असेल.

काकांच्या मँडोलिनची बसलेली तबली मी पुन्हा उघडून घेतलेली नाही. हलक्या तारा चढवून, एक सूर खाली लावून ते रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवतो. लॅकरवर करंगळी टेकते तिथे आता एक धूसर ठिपका दिसू लागला आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
गिरगाव, मुंबई