मॅडम, तो रोस्टरचा कागद अजून माझ्याकडे आहे

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, माझंही नाही. कागदाचा उल्लेख आला की तुम्ही ओळखालच.

मनाच्या उपचारासाठी तुमच्याकडे आले तेव्हा मला झोप नव्हती. घरी पडलं तरी कानात इन्फ्युजन पंपाची, म्हणजे सलाइन मोजून सोडणाऱ्या यंत्राची, बीप वाजायची. माझ्या मनानं पक्कं घेतलं होतं की मीच या कामाला कच्ची आहे. बाकीच्या सिस्टर करतातच ना ड्युटी! तुम्ही गोळी, ध्यान, असलं काहीतरी सुचवाल आणि मी पुन्हा वॉर्डात उभी राहीन, एवढीच अपेक्षा होती.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत तुम्ही कोरा कागद पुढे केलात. एका रात्रीचा हिशेब लिहा, म्हणालात, तासातासाचा. मी लिहीत गेले. ३६ पेशंट, २ सिस्टर. २:४० ला एकाची सलाइन संपत आलेली, दुसऱ्याचा ताप चढलेला, तिसरा पलंगावरून उतरायला बघतोय, आणि माझी जोडीदारीण चौथ्याला घेऊन एक्स-रेला गेलेली. कागद भरला. तुम्ही तो उलटा फिरवून माझ्यासमोर ठेवलात आणि विचारलंत, "यात तुमची चूक कुठल्या ओळीत आहे?"

मी बराच वेळ शोधत होते. सापडली नाही, आणि मग जे रडू आलं ते आवरेना.

त्याच दिवशी तुम्ही मला 'बर्नआउट' या शब्दाची गोष्ट सांगितलीत. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं. मोफत दवाखान्यात राबणारी माणसं कशी विझत जातात हे तो बघत होता, आणि त्यात तो स्वतःही होता. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली गोष्ट म्हटलं. मला त्यातलं 'कामाच्या ठिकाणाशी' एवढंच ऐकू आलं. म्हणजे बिघाड सगळा माझ्या डोक्यात नव्हता तर.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी आहेत.

काही महिन्यांनी तुम्ही म्हणालात, की सिस्टरांच्या कामाच्या बोजाबद्दल तुम्ही आणि तुमचे काही सहकारी जाहीर पत्र काढताय. "तुमच्याबद्दल त्यात एक अक्षर नसेल. तरी अडचण वाटली तर आत्ता सांगा." मी हो म्हटलं, पण पत्र आल्यावर ते दोनदा वाचलं, फक्त स्वतःला शोधत. २:४० कुठे येतं का, पंपाची बीप कुठे येते का. नव्हतं काहीच. माझी खोलीतली गोष्ट खोलीतच राहिली होती, आणि तरी त्या पत्रातलं प्रत्येक वाक्य मला माझं वाटलं.

त्याच सुमारास आमच्या वॉर्डात तक्रारीचा अर्ज फिरत होता. मी तुम्हाला विचारलं, सही करू का? तुम्ही उत्तरच दिलं नाहीत! तेव्हा राग आला होता. बाहेर एवढं बोलता, मग मला एक वाक्य सांगायला काय होतं? तुम्ही उलट विचारलंत, नोकरीला धक्का लागला तर घर कोण चालवेल, सोबत कोण आहे. पहिल्या अर्जावर मी सही केली नाही. पुढच्या भेटीत तुम्ही त्याचा विषयही काढला नाहीत. तुमच्या बाजूनं यावं म्हणून मला ढकललं असतंत तर मी आलेही असते, पण मग ती सही तुमची झाली असती. दुसऱ्या अर्जावरची माझी आहे.

नंतर मी थोडं वाचलं. १९७० च्या सुमारास व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक गटानं बसून बोलायचे. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान हे मनोचिकित्सक त्यांच्यात जाऊन बसले, आणि ऐकलेलं आपल्या व्यवसायापुढे मांडत राहिले. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात राहून जाणारा त्रास, हे निदान अमेरिकन मनोचिकित्सकांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं. ऐकणाऱ्यानं खोलीबाहेर पाऊल टाकलं म्हणून कितीजणांच्या त्रासाला नाव मिळालं. पण याच व्यवसायानं १९७३ पर्यंत समलैंगिकतेला आजारांच्या यादीत ठेवलं होतं, हेही वाचलं. ते तुमच्याशी बोलायचं राहून गेलं.

एक तक्रार आहेच. तुमच्या श्वासाच्या व्यायामाचा मला आजही कंटाळा येतो.

आणि बातमी द्यायची होती. गेल्या महिन्यापासून रात्री आम्ही तिघी असतो. दोनच हव्यात असं अजून वरून म्हणतात, बघू. परवा २:४० ला मी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा तिसरी सिस्टर सलाइन बदलत होती आणि मी एका आजोबांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले होते.

तुमची,
मंगळवारी शेवटच्या वेळेला येणारी सिस्टर