मासे नंतर, आधी फिल्टर

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या घरसजावटविषयक पुरवणीत दिवाणखान्यातील फिशटँकसंबंधीचा मजकूर नुकताच वाचला. टाकी कोणत्या भिंतीला शोभेल, दिवा कोणत्या रंगाचा असावा, तळाशी कोणते खडे पसरावेत, याचा त्यात बारकाईने विचार केलेला होता. मात्र ज्या उपकरणांवर त्या टाकीतील जीवांचे जगणे अवलंबून असते, त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. अनेक वर्षे घरी मासे पाळत असल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण शाळांना सुट्टी लागली की कितीतरी घरांत टाकी आणि मासे एकाच पिशवीतून येतात आणि त्यांतले बरेचसे मासे पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात. मग ‘पाणी मानवले नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो.

वास्तविक पाणी न मानवण्यामागे ठोस कारण असते. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो व उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. नदी-तलावात तो विरून जातो, टाकीत मात्र साठत राहतो. फिल्टरमधील स्पंजावर आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी भरून, फिल्टर सुरू करून, त्यात चिमूटभर खाद्य अधूनमधून टाकत महिना-दीड महिना जाऊ द्यावा आणि मगच मोजके मासे आणावेत. मुलांना इतके थांबवणे अवघड असते, हे मान्य. तरीही याला दुसरा सोपा पर्याय नाही.

यावरून उपकरणांपैकी कशावर आधी पैसे खर्च करावेत, हेही ठरते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे 55 लिटर पाणी मावते. एवढ्या टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. तो स्वस्त असतो, लहान पिल्लांना ओढून घेत नाही आणि पाण्यात हवाही खेळवतो. आपल्याकडे टाकीच्या वर बसणारा ‘टॉप फिल्टर’ अधिक खपतो. तोही चांगला आहे, पण दुकानदार बहुधा त्यात नुसता पांढरा कापूस भरून देतात आणि तो दर आठवड्याला बदलायला किंवा नळाखाली स्वच्छ धुवायला सांगतात. असे केल्याने कापसावर वाढलेले जिवाणू कापसाबरोबर फेकले जातात किंवा नळाच्या पाण्यातील क्लोरीनने मरतात. एक-दोन दिवसांत पाणी दुधाळ होते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. कापसाखाली सिरॅमिक रिंगांचा एक थर कायम ठेवावा आणि स्पंज असो वा रिंगा, त्या टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने हिसळून परत जागेवर ठेवाव्यात. पंपाच्या खोक्यावर ताशी किती लिटर असा जो आकडा छापलेला असतो, तो फिल्टरमध्ये काहीही भरलेले नसतानाचा असतो. म्हणून टाकीच्या चार-पाच पट पाणी तासाभरात फिरावे असा हिशेब धरून त्याहून थोड्या वरच्या क्षमतेचा पंप घेणे श्रेयस्कर.

एक छोटी वस्तू मात्र कोणीच आपणहून दाखवत नाही, ती म्हणजे एअर पंपाच्या नळीत बसवायचा एकदिशा व्हॉल्व्ह. पंप टाकीपेक्षा खाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर टाकीतले पाणी नळीतून उलटे उतरते आणि पंपात व तिथून जमिनीवर येते. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे काही रुपयांची ही वस्तू पंपासोबतच विकली जायला हवी. विजेच्या वायरीही प्लगच्या पातळीखाली झोल देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

हीटरच्या बाबतीत सरसकट सल्ला देता येत नाही. गप्पी, मॉली, टेट्रा अशा माशांना साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवते. मुंबई-कोकणात त्यांच्यासाठी हीटरची गरज क्वचितच पडते. नाशिक, पुणे, नागपूर येथील थंडीच्या रात्रींत मात्र तो हवा आणि दर लिटरमागे सुमारे एक वॉट हे प्रमाण पुरेसे असते. गोल्डफिशला तो लागत नाही. थर्मामीटर मात्र सर्वत्र हवा, कारण आपल्याकडे खरे संकट उन्हाळ्यात येते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाची विषारी मात्राही वाढते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पंप अहोरात्र सुरू ठेवावा आणि खाद्य कमी करावे.

नगरपालिकेच्या पाण्यासाठी अँटिक्लोरीन आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलण्यासाठी सायफनची नळी या दोन गोष्टींवर बहुतेक दुकानदारांचे एकमत असते. त्यांच्या जोडीला अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे किट घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते महाग वाटते, परंतु स्वच्छ दिसणारे पाणी विषारी असू शकते आणि ते डोळ्यांना कळत नाही. या दोन्हींचे प्रमाण शून्य येऊ लागले की टाकी माशांसाठी तयार झाली असे समजावे.

सर्वांत अधिक खटकणारी बाब म्हणजे ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून सकर मासा उपकरणासारखा विकला जातो. हातभर खोक्यात विकले जाणारे ते बोटभर पिल्लू वाढून फूटभराच्या वर जाते, स्वतः भरपूर घाण करते आणि मग कंटाळलेले मालक त्याला जवळच्या नदीत किंवा तलावात सोडून देतात. उजनी जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांत आज हे मासे सापडतात. त्यांच्या काटेरी परांमुळे जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. काचेवरचे शेवाळ काढायला चुंबकाचा ब्रश मिळतो, दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावला तर शेवाळ मुळात कमी धरते. गोल काचेच्या बाउलबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्यात धड फिल्टर बसत नाही, हीटर बसत नाही, आणि जो गोल्डफिश त्यात घालून दिला जातो तो नीट सांभाळला तर वीतभर वाढतो व दहा वर्षांहून अधिक जगतो.

शोभिवंत माशांच्या विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, टाकी विकताना तिच्यासोबत मासे त्याच दिवशी देऊ नयेत आणि फिल्टर धुण्याची रीत छापलेला मराठी कागद प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. आपल्या पुरवणीतही टाकीच्या सजावटीवर पुन्हा मजकूर येईल, तेव्हा त्याच पानावर या उपकरणांची माहिती छापावी, ही आपणांस नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे