'काका, माऊस मी घेऊ का?' असं विचारणाऱ्या इंजिनिअर मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण आमच्यासारख्या कितीतरी छोट्या कंपन्या आपल्या आयटीचं सगळं काम बाहेरच्या कुणाकडे तरी सोपवायला निघालेल्या असतात. त्यांच्याही वाचनात यावं, म्हणून उघड लिहिते आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं मी आता ओळखते.

पगाराच्या आदल्या दिवशी आमच्या अकाउंट्सच्या काकांची पगारपत्रकाची फाईल उघडेना. आमच्या तेव्हाच्या सेवा पुरवठादाराकडे तक्रार केली. मेल आला, तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, केली आहे. थोड्या वेळाने दुसरा मेल आला, तिकीट बंद केलं आहे. फाईल होती तशीच. बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल त्यांच्याकडून रोज सकाळी न चुकता यायचा. त्या बॅकअपमधून फाईल परत मागितली, तेव्हा ती निघालीच नाही. बॅकअप घेणं आणि त्यातून माहिती परत आणून बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. मला आजही याचा राग येतो. ऑफिसातल्या सगळ्यांची घरं त्या पगारावर चालतात.

तुम्ही त्या दिवशी फक्त पाहणीसाठी आला होतात. करार झालेला नव्हता, तुमच्या कंपनीचं कोटेशनसुद्धा आमच्या हातात नव्हतं. "जरा बघाल का?" असं मी विचारलं, आणि तुम्ही बॅग खाली ठेवलीत.

पुढे जे घडलं ते मला पुन्हा पुन्हा आठवतं. आमचे काका निवृत्तीला आलेले. हिशेबात पक्के, पण कॉम्प्युटरपुढे कायम धास्तावलेले. आधीच्या कंपनीची माणसं रिमोटवरून, म्हणजे लांबूनच इंटरनेटने, यायची आणि न विचारता स्क्रीनचा ताबा घ्यायची. काका आकडे भरत असतानाच बाण आपोआप फिरायला लागायचा, उघडलेल्या खिडक्या बंद व्हायच्या, आणि काका हात मांडीवर घेऊन बसून राहायचे. एकदा अर्धवट भरलेल्या नोंदी त्यात गेल्या. जाब विचारला तर उत्तर मिळालं, "आम्हाला अ‍ॅक्सेस आहे." त्या उत्तरानंतर काकांनी तक्रार करणंच सोडून दिलं.

तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलात. आधी त्यांनाच विचारलंत, फाईल कुठे ठेवता, शेवटची कधी उघडली होती, तेव्हा स्क्रीनवर काय दिसलं. ते सांगत होते आणि तुम्ही पूर्ण ऐकून घेत होतात. मग म्हणालात, "काका, माऊस मी घेऊ का?" त्यांनी मान हलवल्यावरच तुम्ही हात पुढे केलात. काम संपल्यावर माऊस परत त्यांच्या हाताशी सरकवलात आणि काय केलंत ते त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितलंत.

फाईलची थोडी जुनी आवृत्ती सापडली, उरलेल्या नोंदी काकांनी बसून भरल्या, पगार वेळेवर झाले. त्यासाठी आभार आहेतच. पण फाईल दुसऱ्या एखाद्या हुशार माणसानेही शोधून दिली असती. परवानगी मागितली ती तुम्ही, आणि त्याच क्षणी आमची निवड झाली.

कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवर कंपनी निवडायची? मला वाटतं, निवडायची तर याच गोष्टीवर. मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडरला, म्हणजे आपलं आयटी सांभाळणाऱ्या अशा बाहेरच्या कंपनीला, आपण घरातल्या प्रत्येक खोलीची किल्ली देतो. मेल, सर्व्हर, पगार, ग्राहकांची माहिती, कुणाचं खातं चालू ठेवायचं आणि कुणाचं बंद करायचं, सगळं त्यांच्या हातात जातं. ती सत्ता ते कशी वापरतात, हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीच्या व्हीएसए या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं. अनेक सेवा पुरवठादार हेच सॉफ्टवेअर वापरून ग्राहकांची कॉम्प्युटर लांबून सांभाळत होते. कंपनीच्या सांगण्यानुसार असे ६० च्या आत पुरवठादार थेट तडाख्यात सापडले, पण त्यांच्यामार्फत झळ पोचली ती १,५०० पर्यंत व्यवसायांना. स्वीडनमध्ये कूप या साखळीला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण पैसे घेण्याची यंत्रणाच चालेना. त्या दुकानांत काम करणाऱ्यांनी कसेया हे नावही कदाचित ऐकलं नसेल. किल्ल्या दुसऱ्याच्या हातात असल्या की त्याचं संकट आपल्या दारात असं येऊन उभं राहतं.

म्हणूनच तुमच्या कंपनीचा करार वाचताना मला वारंवार तो माऊस आठवत होता. तुमच्या प्रत्येक तंत्रज्ञाचं लॉगिन वेगळं, त्याच्या स्वतःच्या नावाचं. सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच अ‍ॅडमिन पासवर्ड कुठेही नाही. प्रत्येक लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरी ओळखही द्यावी लागते. कोण कधी आलं आणि त्याने काय बदललं याची नोंद आम्हालाही दिसते. रिमोटवर येण्याआधी समोरच्याने 'हो' म्हणावं लागतं. तुम्ही काकांशी जसं वागलात, तेच इथे नियम म्हणून लिहिलेलं होतं.

बाकी मुद्द्यांवरही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. दुसऱ्या एका कंपनीने आमच्यापुढे ९९.९ टक्के अपटाइमचा, म्हणजे यंत्रणा चालू राहण्याच्या वेळेचा, आकडा मोठ्या अक्षरात ठेवला होता. तुम्ही कागदावर गुणाकार करून दाखवलात, की त्याचा अर्थ वर्षभरात पावणेनऊ तास बंद राहायची मुभा, आणि ते तास नेमके पगाराच्या दिवशी आले तरी करार मोडत नाही. 'पंधरा मिनिटांत प्रतिसाद' म्हणजे पंधरा मिनिटांत कुणीतरी तिकीट वाचणार. काम कधी पूर्ण होणार, हे त्यात नसतं, तेव्हा ते वेगळं विचारा, असंही तुम्हीच सांगितलंत. एक सुरक्षा सेवा आम्हाला इतक्यात लागणार नाही, असं म्हणून तुमच्याच यादीतून खोडून टाकलीत.

आणि सहीच्या आधी शेवटचं पान उघडलंत. "आम्हाला सोडायचं झालं तर काय करायचं, ते आधी वाचा," म्हणालात. डोमेन, म्हणजे आमच्या वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता, आमच्या नावावर राहणार, सगळे पासवर्ड आणि कागदपत्रं आमच्याकडे, दुसऱ्या कुणाकडे जायचं ठरलं तर कामं हातात देईपर्यंत तुम्ही सोबत. आधीच्या कंपनीकडून आमचंच डोमेन सोडवताना मला जी दमछाक झाली, त्यानंतर ते पान वाचताना माझे डोळे भरून आले होते. तुम्हाला ते दिसलं असेल, पण तुम्ही काही बोलला नाहीत. त्याचेही आभार.

या क्षेत्रात हुशार माणसं पुष्कळ भेटली. पण समोरच्याला कमी कळतं म्हणून त्याला कमी लेखायचं नाही, एवढी साधी गोष्ट सांभाळणारी फार थोडी. ज्याला कॉम्प्युटर जमत नाही, त्याला इतर चार गोष्टी उत्तम जमत असतात. आमच्या काकांचा ताळेबंद मी आजवर चुकलेला पाहिलेला नाही. त्यांना त्यांच्या खुर्चीतून न उठवता मदत करता येते, हे तुम्ही ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवलंत. आता आमची नवी मुलंही त्यांच्या टेबलाशी गेली की आधी विचारतात. हे कुणी त्यांना शिकवलेलं नाही, त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं.

अडचण आली की काका आता स्वतः फोन करतात. दर तिमाहीला तुम्ही बॅकअपमधून एक फाईल परत आणून दाखवता, तेव्हा कुठली फाईल आणायची हे तेच ठरवतात, आणि मुद्दाम सर्वांत अवघड निवडतात.

तुमच्या वरिष्ठांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात तुमचं नाव आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी आमचं काम तुमच्याच टीमकडे राहावं अशी लेखी विनंतीही आहे.

आपली,
एका छोट्या कंपनीची ऑफिस मॅनेजर